बिनचावीची गाडी

१८ एप्रिल, शुक्रवार. अमरावती

दामिनीने पुण्यात बसून फोनवरून भाड्याची गाडी ठरवली, ती आज दारात आली. रविवारी अकोल्याला माझ्या भाचीचं, रागिणीचं लग्न. मी आपली पाइपांच्या दुकानाची व्हॅन घेऊन जाणार होतो. दामिनी म्हणाली, "बाबा, त्या व्हॅनचं दार तुम्ही दोरीने बांधता. नवरीचे मामा आहात तुम्ही." मी नको म्हणालो. पण एकदाच म्हणालो. हे इथे लिहून ठेवतो.

गाडी पोचवायला शेखर नावाचा माणूस आला होता, फार घाईत. चावी म्हणून त्याने साबणाच्या लहान वडीएवढी काळी डबी माझ्या तळहातावर ठेवली.

"ही लावाची कुठं?"

"कुठंच नाही काका. खिशात ठेवा. गाडीले आपोआप समजते."

मग दाराच्या कडीवरचं बटण दाबून कुलूप कसं लावायचं, ते दाखवून तो गेला. मी आत बसून सुरू करायचं बटण दाबलं. रेडिओ लागला, गाडी नाही. पुन्हा दाबलं, रेडिओ बंद. शेजारचे सहदेव गुरुजी कुंपणाशी येऊन उभे राहिले तेव्हा मला घाम फुटला होता. शेवटी दामिनीला फोन केला. पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबायचं म्हणे. हातब्रेक शोधायला हात नेला तर तिथे दांडीच नाही, बोटाने उचलायची एक टिकली. इशाऱ्याची दांडी डावीकडे, त्यामुळे राजकमल चौकात वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरू लागला. भर एप्रिलात. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, पानी येऊन राहिलं काय?"

आणि ही गाडी सारखी बीप करते. पट्टा नाही लावला, बीप. भिंत जवळ आली, बीप. कशासाठी बीप करते ते इंग्रजीत लिहून दाखवते, मी अक्षरं जुळवेपर्यंत पुसून टाकते. दामिनी म्हणाली, "घाबरू नका बाबा, बहुतेक वेळा पट्ट्यासाठीच असतं."

रुख्मिणी म्हणाली, "सासूबाई गेल्या तवापासून घरात कोनी एवढं टोकलं नव्हतं."

खरी गोष्ट लिहायची तर मला गाडी आवडली. रागिणीचे वडील गेल्यापासून ज्योत्स्नाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, डोक्यावर हात आहे तो तिच्या मोठ्या दिरांचा, देवमनजींचा. रागिणी त्यांना मोठेबाबा म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. कन्यादान तेच करणार आहेत. माणूस देवासारखा, पण चेष्टेवाचून त्यांचा घास उतरत नाही. व्हॅन दाराशी थांबली की चारचौघांत ओरडतात, "मामाजी आले रे, पाइप उतरवून घ्या!" सगळे हसतात. मीही हसतो.

या खेपेला काय म्हणतील, हा विचार आज तीनदा मनात आला. पूजेला बसलो तेव्हाही आला.

१९ एप्रिल, शनिवार. अकोला

सुखरूप पोचलो. मांडवात हळदीची गाणी चालू आहेत, मी मधल्या खोलीत बसून लिहितो आहे.

ऊन असं की रस्त्यावर पाणी दिसत होतं. रुख्मिणीचे गुडघे दुखतात, ती पुढे बसली. मागच्या सीटवर रागिणीचं पिवळं पातळ, कागदात गुंडाळलेलं. आमच्या घरची रीत अशी की मामाचं पातळ हळदीची आंघोळ होईपर्यंत उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. मग मामाने स्वतः बाहेरून आणून भाचीच्या ओंजळीत द्यायचं, आणि तेच नेसून तिने बोहल्यावर चढायचं.

कुरूमच्या पुढे जुन्या रस्त्याला लागून निंबाखाली मारोती आहे. शनिवार होता, गाडी आपल्या हातात नवीन होती, न थांबता कसं जाणार? रुख्मिणी म्हणाली, "मी बसते आतच. थंडं राहू द्या." म्हणून गाडी चालूच ठेवली आणि नारळ व ती काळी डबी घेऊन उतरलो. उतरताना गाडीने तीन बीप केले. व्हॅन घेतली तेव्हा तिचीही चावी मी आधी याच मारोतीच्या पायाशी ठेवली होती. तशी ही ठेवली. डोळे मिटले. रागिणीचं सगळं नीट होऊ दे म्हणालो, ज्योत्स्नाला सुखाने झोप लागू दे म्हणालो. तिथल्या महाराजांनी नारळ फोडून अर्धं एका हातात दिलं, दुसऱ्या हातात अंगारा आणि फुलं. तेवढ्यात रुख्मिणीने हॉर्न वाजवला. ज्योत्स्नाचा फोन येऊन गेला होता, हळदीसाठी थांबलेत म्हणून. दोन्ही हात भरलेले तसाच धावत आलो.

निघताना पुन्हा तीन बीप, आणि समोर पिवळी इंग्रजी ओळ.

"काय म्हंते?"

"पट्टा म्हंते."

पट्टा लावला. ओळ काही जाईना. बडनेऱ्यापासून तिचं हेच चाललं होतं, मी तिकडे बघणंच सोडलं. रस्ता मोकळा होता. मारोतीचं दर्शन झाल्यामुळे मन शांत होतं.

गल्लीत शिरलो तर देवमनजी मांडवाच्या खांबाशी उभे. गाडी बघून गप्पच झाले. भोवती एक फेरी मारली, काचेत आपल्या मिशा बघितल्या.

"मामाजी, पाइप कुठं ठेवले?"

"या खेपेले नाही आनले."

"मंग येवढ्या गाडीत आनलं काय? नुसते तुमीच?" लोक हसले. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आता तुमची चावी मी लपवतो. चार दिवस मुक्काम. बगतो कसे जाता ते."

मी हसलो, पण मला वाटलं होतं तसं काही ते बोलले नाहीत. मला नेमकं काय वाटलं होतं, तेही आता आठवत नाही.

गाडीला कुलूप लावायला शेखरने दाखवलेलं कडीवरचं बटण दाबलं, तर ती नुसती बीप करत राहिली. शेवटी व्हॅनला करतो तसं केलं. आतून खटका दाबला आणि दार लोटून दिलं. लागलं कुलूप. जाकीट मधल्या खोलीतल्या खुंटीवर टांगलं. देवमनजी तिथेच पंख्याखाली आडवे झाले आहेत. त्यांचं घोरणंही दुसऱ्याची नक्कल केल्यासारखं आहे.

२१ एप्रिल, सोमवार. अकोला, पहाटे

काल लिहिलं नाही. लिहवलं नाही.

लग्न झालं. हे आधी लिहितो.

सकाळी रागिणीची आंघोळ झाली आणि ज्योत्स्ना म्हणाली, "दादा, आन आता पातळ." मी खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. चावी नाही. दुसऱ्या खिशात नाही. पिशवीत, गादीखाली, रुख्मिणीच्या पर्समध्ये, कुठेच नाही. गाडी अंगणात, चारही दारं बंद, आणि काचेतून आतलं पातळ मला दिसत होतं.

नवरदेवाकडची मंडळी मांडवात येऊन बसली होती. मुहूर्त जवळ येत होता. रागिणी आतून म्हणत होती, "मी मामाचंच नेसीन, दुसरं नाही." गाडी भाड्याची, काच फोडायचं माझ्या मनात येईना. मी एकच विचार करत होतो. गाडी अकोल्यापर्यंत चालत आली, म्हणजे चावी अकोल्यापर्यंत आली. चावीवाचून गाडी चालते हे कोणी ऐकलं आहे? म्हणजे ती इथूनच गेली. त्या खोलीत काल कोण होतं? आणि चावी लपवतो असं तोंडाने कोण म्हणालं होतं?

देवमनजी बोहल्याजवळ उभे होते. नवा सदरा, कन्यादानाचा उपास. मी समोर गेलो.

"मोठेबाबा, चेष्टा झाली. आता चावी द्या."

"कोनती चावी जी?"

"गाडीची. काल लपवतो म्हनले ना तुमी."

"म्हनलो तं. पन लपवाले आधी सापडाले पायजे ना बाप्पा!"

ते हसत होते. मी तिथेच थांबायला हवं होतं. आवाज माझाच होता, पण मला तो लांबून ऐकू आल्यासारखा वाटला. म्हणालो, "जाकीट खुंटीले होतं अन् तिथं तुमीच निजले होते. दुसरं कोनी नव्हतं. लेकीच्या लग्नात तरी असं करू नोका."

नवरदेवाचे वडील, उत्तमराव, वळून बघायला लागले.

देवमनजींच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. अडकित्ता, तंबाखूची डबी, थोड्या अक्षता. अक्षता खाली सांडल्या. मग पायजम्याचे. चारही खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती.

"पातळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या सीटवर."

ते स्वयंपाकाकडे गेले, वरवंटा उचलला आणि अंगणात जाऊन काचेवर घातला. गाडी केकाटायला लागली. दिवे उघडझाप करू लागले. ती ओरडत राहिली आणि तिला थांबवायची चावी कोणाकडेच नव्हती. त्यांनी फुटक्या काचेतून हात आत घातला, दार उघडलं, पातळ काढलं. पंज्याला काच लागली होती. रक्त पातळाला लागू नये म्हणून त्यांनी हात आपल्याच नव्या सदऱ्याला पुसला आणि पुडकं माझ्यापुढे धरलं.

"घ्या मामाजी. तुमीच द्या तिले. रीत तुमची हाय."

मी ते रागिणीच्या ओंजळीत दिलं.

कन्यादानाच्या वेळी त्यांच्या हातावर फडकं बांधलेलं होतं. पाण्याची धार सोडताना ते भिजलं. विधी झाल्यावर पंगत बसली, ज्योत्स्ना ताट घेऊन त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली. "पोट भरलं माय," एवढं म्हणून ते घरी गेले. उपाशी माणूस आपल्या लेकीच्या लग्नातून न जेवता गेला.

तरीही हे लिहिताना मनात येतं, चावी गेली कुठे मग? त्यांनी नाही तर कोणी घेतली? असं मनात येतं याचीच लाज वाटते, आणि तरी येतं.

आज कंपनीचा माणूस दुसरी चावी घेऊन येतो आहे. मग निघू.

२२ एप्रिल, मंगळवार. अमरावती

काल परतताना कुरूमच्या मारोतीपाशी थांबलो. फुटक्या काचेला प्लास्टिक चिकटवलं होतं, ते वाटभर फडफडत होतं. या खेपेला गाडी बंद केली. नारळ घेऊन गेलो. महाराज मला बघताच म्हणाले, "आले का? म्या म्हनलं, येतीनच."

मारोतीच्या पायाशी ती काळी डबी होती. जिथे ठेवली तिथेच. तेलाने माखलेली, एका बाजूला शेंदूर.

"अर्पन केली का इसरले, मले कसं समजन?" महाराज म्हणाले. "म्हनून हलवली नाही. कोनाले हात लावू देल्ला नाही."

मी खाली बसलो. गाडी चावीवाचून आली होती. चालू होती म्हणून चालत राहिली. तीन बीप, पिवळी ओळ, कडीवरचं न लागणारं कुलूप. ती वाटभर तेच सांगत होती. मी पट्टा लावत होतो.

गाडीत येऊन डबी रुख्मिणीच्या हातात दिली. तिने पदराने शेंदूर पुसायला घेतला आणि मध्येच थांबली. "म्या हारन वाजवला," म्हणाली.

काल संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन. मागे माणसांचे आवाज होते, व्याही आलेले असावेत. "दादा, सापडली काय चावी?"

"सापडली."

"कुठं?"

सांगायचंच होतं. तोंड उघडलं होतं. "गाडीतच," म्हणालो. "सीटखाली गेलती."

मला वाटलं, यात कोणाचं नाव नाही. कोणाला लागणार नाही. मोठेबाबाही सुटले, मीही सुटलो.

आज सकाळी स्तोत्र म्हणायला बसलो. मध्येच ओळ विसरलो. लहानपणापासून पाठ आहे.

२५ एप्रिल

गाडी परवाच दिली. दुकानात मन लागत नाही. व्हॅनची चावी कुलपात फिरवली की खर्र आवाज होतो, तो ऐकून बरं वाटतं. देवमनजींना दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवला. काय बोलणार? हात कसा आहे, असं विचारता आलं असतं. मग त्यांनी चावीचं विचारलं असतं.

२८ एप्रिल, सोमवार

ज्योत्स्ना फोनवर रडली.

"दादा, तू म्हनला चावी गाडीत होती. तं उत्तमराव काय म्हनले माहीत हाय? म्हनले, काच फोडून हात आत घातला ना त्याईनं, तवाच टाकली असन. भेऊन."

ती पुढे म्हणाली,

"मोठेबाबांच्या कानावर गेलं. अक्षय तृतीयेले येत नाही म्हनते. पोरगी-जावई येऊन राहिले, व्याही येऊन राहिले. दरसाली ह्याईच्या नावाची घागर तेच भरते. आता कोन भरन? अन् मी या घरात कोनाच्या भरोशावर राहू?"

फोन ठेवल्यावर रुख्मिणीला सांगितलं. खोटं बोललो तेही आजच सांगितलं. तिला ते ठाऊक असावं, तिने नवल केलं नाही. मी म्हणालो, "आत्ताच मोठेबाबांले फोन लावतो. माफी मांगतो."

"चारचौघांत बोलले," ती म्हणाली, "अन् माफी फोनात मांगता काय?"

बराच वेळ देवापुढे बसलो. मी देवाचं नाव घेऊन चुकलो असं वाटत होतं, ते खरं नाही. देवापाशी मी फक्त चावी विसरलो. बाकी जे केलं ते माझं मी केलं. त्यांच्या चेष्टेचा राग किती वर्षं आत होता, आणि मी म्हणायचो, मीही हसतो.

३० एप्रिल, अक्षय तृतीया. अकोला

एसटीने आलो. आधी देवमनजींच्या घरी गेलो, ज्योत्स्नाच्या घरापासून दोन गल्ल्या. ते ओट्यावर बसले होते. पंज्यावर टाके. उठले नाहीत.

"या मामाजी. आनखी काही हरपलं काय?"

मी पायाला हात लावायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले. सगळं सांगितलं. मारोती, नारळ, शेंदूर, फोनवरचं खोटं. ते सुपारी कातरत ऐकत होते, डाव्या हाताने, अवघडल्यासारखे.

"म्हंजे तीन दिवस चावी देवाजवळ होती," शेवटी म्हणाले, "अन् झडती माही झाली."

"चला माह्यासंगं. हेच तिथं सांगतो, सगळ्याईसमोर."

"मी तुमच्यासाठी येत नाही. भावाची घागर हाय म्हनून येतो."

ज्योत्स्नाने त्यांना दारात बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्यांनी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, भावाचं नाव घेऊन हात जोडले. टाक्यांमुळे हात नीट जुळत नव्हते. रागिणी शेजारी उभी होती, मामाचं पातळ नेसून. मला बघून तिने मान वळवली.

पानं मांडली. उत्तमराव, जावई, घरची माणसं बसायला निघाली तेव्हा मी म्हणालो, "थांबा थोडं." मी उभाच राहिलो. म्हणालो, "चावी गाडीत सापडली नव्हती. मी खोटं बोललो. कुरूमच्या मारोतीजवळ मीच ठेवून आलो होतो, गाडी चालू होती म्हनून मले समजलं नाही. मोठेबाबांनं काहीच केलं नाही. मांडवात बोललो ती माही चूक, फोनवर बोललो ते पाप."

उत्तमराव पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमीबी काही कमी बोललो नाही." आणि देवमनजींना म्हणाले, "बसा बाप्पा, तुमी आधी बसा."

देवमनजी पाटापाशी आले, पण बसले नाहीत. सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग डाव्या हाताने सदऱ्याचा एक खिसा उलटा केला, मग दुसरा. रिकामे होते.

"पाहून घ्या जी," म्हणाले. "मंग पुरनपोळी कमी भरली तं माह्यावर नोका येऊ."

सगळे हसले. जावई तर ठसका लागेपर्यंत हसला. ज्योत्स्ना डोळे पुसत हसली. मला हसता आलं नाही.

ते माझ्याच शेजारी बसले. उजवा हात वापरता येत नव्हता, म्हणून मी त्यांची पोळी मोडून तुपात कालवली. त्यांनी करू दिलं. "तूप जास्त टाका, पाइपवाले," म्हणाले. पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं.

जेवणं झाली, हात धुतले, विडे झाले. खिसे त्यांनी आत घातले नाहीत.